नोटेवरील गावाचे नाव

जुन्या हस्तलिखिताच्या समासात पूर्वीच्या वाचकाने केलेली टिपणे कोणी खरवडून काढली, तर आपण त्याला ग्रंथप्रेमी म्हणणार नाही. अमेरिकन नॅशनल बँकांच्या नोटा जमविणारे काही संग्राहक मात्र असेच काही करतात, आणि बाजार त्यांना त्याची किंमतही देतो.

या नोटा 1863 ते 1935 या काळातल्या. बँकेने सरकारी रोखे वॉशिंग्टनला तारण ठेवायचे आणि त्या प्रमाणात स्वतःच्या नावाच्या नोटा मिळवायच्या, अशी ती व्यवस्था होती. बारा हजारांहून अधिक बँकांनी तिचा लाभ घेतला. 1900 च्या कायद्याने तीन हजारांपर्यंत वस्ती असलेल्या गावातही 25,000 डॉलर भांडवलावर बँक काढण्याची मुभा मिळाली आणि खेडेवजा गावांची नावे चलनावर उमटली. एका मालिकेतील एका किमतीच्या नोटांचा आराखडा देशभर एकच असे. गाव, बँक, सनद क्रमांक आणि सह्या तेवढ्या निराळ्या. नोटांचे तक्ते सह्यांविना गावी येत. कॅशियर व अध्यक्ष त्यांवर सह्या करीत, मग तक्ता कापून नोटा सुट्या होत. 1929 च्या लहान आकाराच्या मालिकेत या सह्याही छापील झाल्या.

संग्राहक नोटेचे मोल दोन कसोट्यांवर ठरवितात. पहिली दुर्मिळतेची: त्या बँकेच्या किती नोटा आज ज्ञात आहेत? ही कसोटी मला आदरणीय वाटते. तिच्यापायीच हौशी लोकांनी बँकवार नोंदी ठेवल्या आणि विस्मृत गावांच्या इतिहासाला एक साधन मिळाले. दुसरी कसोटी करकरीतपणाची. तिच्या लोभाने नोटा धुतल्या जातात, दाबून सपाट केल्या जातात, त्यांच्या कडा छाटल्या जातात. अशा धुण्यात शाईची सही फिकी पडू शकते. म्हणजे जिच्यामुळे ती नोट त्या गावाची ठरली, तीच खूण जाते.

संग्राहकाने स्वतःच्या पैशाने घेतलेली वस्तू त्याची आहे, हे खरे. कुजणारा कागद वाचविण्यासाठी जाणकाराने केलेल्या उपचारालाही माझा आक्षेप नाही. परंतु काही बँकांची एकच नोट आज ज्ञात आहे, तर काहींची एकही नाही. अशा वेळी मालक हा विश्वस्तही असतो. नोट हातोहात फिरण्यासाठी असते. तिची घडी आणि तिचा मळ हा ती फिरल्याचा पुरावा होय. पाठचिकित्सा शिकलेल्या आपल्यासारख्यांना तरी हे वेगळे सांगायला नको.