विकणाऱ्याची सही

वर्धा जिल्ह्यात कापसाचे पैसे हाती आले, की वसुलीचे फोन सुरू होतात. यात नवे काही नाही. नवे असते ते फोन करणाऱ्याचे नाव. कर्ज घेतलेले असते तालुक्याच्या ठिकाणच्या ओळखीच्या बँकेतून, नाहीतर गावात बैठक घेणाऱ्या फायनान्स कंपनीकडून. फोन येतो भलत्याच कंपनीचा. तिचे कार्यालय मुंबईत, जिल्ह्यात शाखा नाही. ‘तुमचे खाते आता आमच्याकडे आले आहे, पैसे आम्हाला भरा,’ एवढेच सांगितले जाते. फार झाले तर एक पत्र येते. ते हातात पडले, की रक्कम वाचण्याआधी खालची सही पाहावी. ती कोणाची आहे?

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चा. त्यातली याविषयीची आजची कलमे १९०० मध्ये घातलेली. धनकोला आपले येणे दुसऱ्याला विकता येते. ऋणकोची परवानगी लागत नाही. विकणाऱ्याच्या सहीचा लेखी दस्त झाला, की येणे नव्या मालकाचे झाले. इथवर कायदा धनकोच्या बाजूने सरळ चालतो. पुढे तो ऋणकोकडे वळतो. विक्रीची स्पष्ट सूचना मिळेपर्यंत ऋणकोने जुन्या धनकोकडे जे भरले ते भरले. तेवढ्या रकमेतून तो सुटला. नव्या मालकाला ती पुन्हा मागता येत नाही.

ही सूचना कशी असावी, हेही कायद्याने ठरवून दिले आहे. ती लेखी हवी. तिच्यावर विकणाऱ्याची किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाची सही हवी. नव्या धनकोचे नाव आणि पत्ता हवा. विकत घेणाऱ्याची सही चालते, पण विकणाऱ्याने सही करायला नकार दिला तरच.

सही विकणाऱ्याचीच का? ऋणको ओळखतो ते त्यालाच. त्याच्यासमोर बसून त्याने अंगठा दिला, कागद दिले, पैसे मोजून घेतले. त्याची शाखा कुठे आहे, हे त्याला माहीत असते. शंका आली तर तिथे जाऊन विचारता येते. विकत घेणारा परका असतो. ‘हे येणे आता माझे आहे,’ असे परक्याने स्वतःच्याच कागदावर लिहून दिले, तर त्याने काहीही सिद्ध होत नाही. असा कागद कोणीही छापू शकतो. ज्याने व्यवहार केला त्यानेच तो मोडल्याचे कळवावे, एवढी साधी जबाबदारी कायद्याने विकणाऱ्यावर टाकली.

२००२ मध्ये सरफेसी कायदा आला. बँकांनी थकीत कर्जे मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना विकावीत, अशी सोय त्यात झाली. त्याचे सहावे कलम वाचण्यासारखे आहे. कर्ज कंपनीला विकल्यावर बँक ऋणकोला तसे कळवू शकते, पण तिला योग्य वाटले तर. कळवलेच पाहिजे, असे बंधन नाही. याच कलमात पुढे दुसरी तरतूद आहे. बँकेने कळवले नाही आणि ऋणको बिचारा जुन्याच शाखेत पैसे भरत राहिला, तर ती रक्कम बँकेने कंपनीची विश्वस्त म्हणून सांभाळायची. म्हणजे ऋणकोला काही कळलेले नसणार, हे कायदा लिहिणाऱ्यांना पुरते ठाऊक होते. त्या अज्ञानात कंपनीचा पैसा अडकू नये, याची त्यांनी तजवीज केली. ऋणकोला कळवण्याची सक्ती मात्र केली नाही.

याच्या शेजारी सावकाराचा कायदा ठेवून पाहा. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन अधिनियमानुसार सावकाराला आपले कर्ज दुसऱ्याच्या नावे करायचे असेल, तर त्याआधी ऋणकोला लेखी कळवावे लागते. कर्ज ज्याच्या नावे होणार त्याचे नाव-पत्ता द्यावा लागतो. विदर्भात सावकार या माणसाविषयी काय बोलले जाते ते सांगायला नको. त्याच्यावर कायद्याने जे बंधन घातले, ते रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालच्या संस्थांना ऐच्छिक ठेवले. हे समर्थनीय नाही.

बँकांचे उत्तर ठरलेले आहे. हजारो खाती एका गठ्ठ्यात विकली जातात, प्रत्येकाला कुठे लिहीत बसायचे? हे उत्तर टिकत नाही. हप्ता चुकला तर त्याच दिवशी त्याच हजारोंच्या मोबाइलवर संदेश जातो. थकबाकी वाढली, की वकिलाची नोटीस त्याच पत्त्यावर बिनचूक पोहोचते. पत्ता ठाऊक आहे, यंत्रणा आहे, टपाल परवडते. कायदा सक्ती करत नाही, म्हणून कळवले जात नाही.

कर्ज विकण्यालाच आमचा विरोध नाही. बँकांना आपापसात थकीत कर्जांची खरेदी-विक्री करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये आयसीआयसीआय बँकेच्या प्रकरणात मान्य केले. तो प्रश्न मिटला आहे. आमची तक्रार त्यानंतरच्या मौनाविषयी आहे.

वर्ध्यात ते मौन जास्त महाग पडते. इथली जिल्हा मध्यवर्ती बँक परवान्याअभावी अडकली होती. २०१४ मध्ये केंद्राने देशातल्या अशा २३ जिल्हा बँका सावरण्याची योजना आखली. त्यात महाराष्ट्रातल्या तीन होत्या: नागपूर, वर्धा आणि बुलढाणा. जिल्हा बँक अडकली आणि तिच्या पैशावर चालणाऱ्या गावातल्या सेवा सोसायटीचा दरवाजा असा किलकिला झाला, की माणूस मिळेल तिथून कर्ज घेतो. ट्रॅक्टरचे एका कंपनीचे, घराचे दुसरीचे, बायकांच्या गटाचे तिसरीचे. यातले कुठलेही कर्ज उद्या विकले जाऊ शकते.

गटातल्या बाईचे पाहा. तिच्या हातातल्या कार्डावर जुन्या कंपनीचे नाव आहे. वसुलीला येणारा मुलगा बदलतो. तो नव्या मालकाचा माणूस आहे, जुन्याच्या एजंटाचा, की कोणाचाच नाही, हे तिने कसे ओळखावे? ज्याला घेण्याचा अधिकारच नाही त्याच्या हातात दिलेला पैसा कर्जातून वजा होत नाही. तडजोड करून एकरकमी खाते मिटवायचे, तर बोलायचे कोणाशी? जुनी शाखा म्हणते, खाते आमच्याकडे नाही. नवी कंपनी म्हणते, मुंबईला मेल करा. पैसे भरले तरी निल दाखला कोणी द्यायचा, याचे उत्तर मिळत नाही.

सूचनेची तारीखही तितकीच मोलाची असते. कोणता हप्ता जुन्या मालकाकडे बरोबर जमा झाला, हे तिच्यावरून ठरते. विक्रीच्या वेळी ऋणकोचे विकणाऱ्याशी जे हिशेबाचे वाद असतील, ते नव्या मालकाच्याही गळ्यात पडतात, असे १८८२ चाच कायदा सांगतो. चुकीचे व्याज लावले असेल, भरलेली पावती खात्यात चढवली नसेल, तर ते नव्या मालकासमोरही मांडता येते. पण विक्री झाली केव्हा, हेच ठाऊक नसेल तर हा हक्क बजावायचा कसा?

रिझर्व्ह बँकेने मनावर घेतले, की काय होते तेही दिसले आहे. वैयक्तिक कर्ज फिटल्यावर मालमत्तेची कागदपत्रे ३० दिवसांत परत करा, नाहीतर दर दिवसाला ५,००० रुपये द्या, असा आदेश तिने सप्टेंबर २०२३ मध्ये काढला. तो पुनर्रचना कंपन्यांनाही लागू आहे. कागद परत न करण्याला दंड लावता येतो, तर ते कागद कोणाकडे गेले हे न कळवण्यालाही लावता आला पाहिजे.

म्हणून संसदेने सरफेसीचे सहावे कलम बदलावे. कर्ज विकल्यावर विकणाऱ्याने स्वतःच्या सहीने, ऋणकोच्या भाषेत, नव्या धनकोचे नाव, पत्ता, विक्रीची तारीख आणि त्या दिवशीची बाकी कळवणे सक्तीचे करावे. ते पत्र पोहोचेपर्यंत विकत घेणाऱ्याला वसुलीचा फोनही करता येऊ नये. जिल्हाधिकाऱ्यांनी तोवर बँकांच्या बैठकीत एक साधा प्रश्न विचारावा: गेल्या वर्षी या जिल्ह्यातली किती खाती विकली आणि किती जणांना लेखी कळवले?

वाचकांनाही एक सांगणे आहे. घेतलेले कर्ज फेडायचेच असते, त्यातून सुटका नाही. पण अनोळखी कंपनीचा फोन आला, तर आधी विकणाऱ्याच्या सहीचे पत्र मागा. ते मिळाले नाही तर जुन्या शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. दारात आलेल्या माणसाला रोख देऊ नका. पैसे भराल तिथली पावती जपा. अडचण आली तर वर्ध्याच्या न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आणि विकणाऱ्याच्या सहीची खरी सूचना एकदा हाती पडली, की पैसे नव्या मालकालाच भरा. त्यानंतर जुन्याकडे भरलेली रक्कम कर्जफेड म्हणून धरली जात नाही.