ओली फरशी आणि पुराव्याची घाई

आपल्याकडचा पाऊस परततो तेव्हा चेन्नईचा सुरू होतो. समजा, तिथल्या त्यागरायनगरातल्या साडीच्या दुकानात दारातच गुळगुळीत ग्रॅनाइट आहे, त्यावर गिऱ्हाइकांच्या चपलांतून आलेले पाणी आहे. साठीच्या बाई घसरतात, खुब्याचे हाड मोडते. भरपाई कुणाकडून आणि कशाच्या जोरावर मागायची?

इंग्लंडात जागेच्या भोगवटादाराच्या जबाबदारीचा स्वतंत्र कायदा १९५७ सालचा आहे. आपल्याकडे तसा नाही. हलगर्जीपणाच सिद्ध करावा लागतो. आणि या वाटेवरचा एक जुना निकाल मद्रास इलाख्यातलाच आहे. कार्वेटीनगरच्या जमीनदाराचे तलाव फुटून मद्रास रेल्वेचे नुकसान झाले. तलाव पूर्वापार आहेत, शेतीसाठी ते राखणे जमीनदाराला भागच आहे, तेव्हा हलगर्जीपणा दाखवल्याशिवाय तो जबाबदार नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने १८७४ मध्ये ठरवले. एम. सी. मेहता प्रकरणातले संपूर्ण दायित्व धोकादायक उद्योगांपुरते; फरशी पुसणे त्यात बसत नाही. १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदाही घातक पदार्थांसाठीच आहे. नावाला भुलून दाव्यात त्याचा आधार घेऊ नये.

अशा दाव्यांत सुभगवंती खटल्याचा हवाला हमखास दिला जातो. दिल्लीच्या चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळला आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये महापालिकेला जबाबदार धरले. आमच्या मते घसरण्याच्या दाव्याला हा निकाल तोकडा पडतो. नीट राखलेला मनोरा आपसूक कोसळत नाही. माणूस मात्र कोरड्या फरशीवरही पडतो.

अधिक उपयोगी आहे तो १९७६ चा इंग्लंडातला वॉर्ड विरुद्ध टेस्को. दुकानात सांडलेल्या दह्यावरून एक बाई घसरल्या. दही किती वेळ पडून होते, हे त्यांना सांगता येईना. अपील न्यायालयाने उलटा प्रश्न विचारला: सफाईची तुमची व्यवस्था काय होती, ते दुकानाने दाखवावे. त्याच बाईंना पुढे तीनेक आठवड्यांनी त्याच दुकानात संत्र्याचा रस पाव तास तसाच सांडलेला दिसला होता! आपल्यावर हा निकाल बंधनकारक नाही. पण खास माहितीतली वस्तुस्थिती ज्याची त्याने सिद्ध करावी, हे तत्त्व भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०९ मध्ये आहेच.

म्हणून खरी घाई पहिल्या आठवड्यातली. दुकानातल्या कॅमेऱ्याचे चित्रण काही दिवसांत पुसले जाते. ते जपून ठेवा, अशी लेखी नोटीस भरपाईच्या आकड्याआधी जायला हवी; पुढे ते दाखल करताना कलम ६३ चे प्रमाणपत्रही लागेल. ग्राहक आयोगाची कक्षा २०१९ च्या कायद्याप्रमाणे दिलेल्या मोबदल्यावर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही, त्यामुळे साडीची पावती अशिलाकडून लगेच मागून घ्यावी. खरेदीआधीच पडलेल्या बाईंसाठी दिवाणी न्यायालय अधिक सुरक्षित. तिथे केवळ इमारतीच्या मालकाला प्रतिवादी करून भागत नाही. दुकानाचा भाडेकरार आणि सफाई कंत्राटदाराचा करार दोन्ही मागवावेत, कारण दारातली ती चार फूट फरशी कुणाच्या ताब्यात होती, हे त्यांतूनच कळते.