नकाशावरचे निळे ठिपके

१९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेचे १४८ सैनिक प्रत्यक्ष लढाईत कामी आले. त्यांपैकी ३५ जण स्वपक्षाच्याच माऱ्याला बळी पडले. त्याच युद्धात २६ फेब्रुवारी रोजी अमेरिकी विमानांनी ब्रिटिश चिलखती गाड्यांवर हल्ला केला आणि नऊ ब्रिटिश सैनिक ठार झाले. शस्त्रांचा पल्ला वाढला होता. परंतु त्या पल्ल्यावर आपला कोण आणि परका कोण, हे ओळखण्याची शक्ती त्या प्रमाणात वाढली नव्हती.

यावर तोडगा म्हणून ‘ब्ल्यू फोर्स ट्रॅकिंग’ ही यंत्रणा पुढे आली. गाडीवरील उपकरण उपग्रहांच्या साह्याने स्वतःचे स्थान निश्चित करते, ते इतरांना कळवते आणि सेनाधिकाऱ्यासमोरील पडद्यावर प्रत्येक मित्रतुकडी निळ्या ठिपक्याच्या रूपाने दिसते. २००३ च्या इराकवरील आक्रमणात तिचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला. सैनिकाचा जीव वाचवणाऱ्या साधनाला कोणीही विरोध करण्याचे कारण नाही. परंतु साधन हाती आले म्हणजे जबाबदारी संपली, ही समजूत मात्र घातक आहे.

तिचा पोकळपणा अनुभवाने दाखवून दिला आहे. डिसेंबर २००१ मध्ये अफगाणिस्तानात लक्ष्य सांगणाऱ्या उपकरणाची बॅटरी बदलली गेली. उपकरण पुन्हा सुरू झाले तेव्हा त्यात शत्रूऐवजी स्वतःचेच स्थान नोंदले गेले होते. तेच विमानाला कळवण्यात आले आणि बॉम्बने तीन अमेरिकी सैनिकांचा व त्यांच्या अफगाण सहकाऱ्यांचा बळी घेतला. मार्च २००३ मध्ये अमेरिकेच्या पेट्रियट क्षेपणास्त्राने तळाकडे परतणारे ब्रिटिश टोर्नेडो विमान पाडले. दोन्ही वैमानिक मरण पावले. यंत्रे दोन्हीकडे होती. यंत्राने सांगितले ते तपासून पाहण्याची शिस्त अपुरी पडली.

आपल्या देशालाही हा धडा महागात पडला आहे. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी श्रीनगरहून उडालेले हवाई दलाचे हेलिकॉप्टर बडगाम येथे कोसळले. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरील एक नागरिक मृत्युमुखी पडले. एप्रिल-मेमध्ये लोकसभेची निवडणूक पार पडली. क्षेपणास्त्र आपलेच होते आणि ती मोठी चूक होती, अशी जाहीर कबुली हवाई दलप्रमुखांनी दिली ती ऑक्टोबरमध्ये. मित्र-शत्रू ओळखणारे उपकरण हेलिकॉप्टरवर बंद होते, असे चौकशीतून पुढे आल्याचे वृत्त आहे. म्हणजे उणीव केवळ उपकरणाची नव्हती. ती आज्ञा देण्याच्या व्यवस्थेची होती. आणि जनतेला सत्य कळण्यास सात महिने लागले, ही उणीव तर पूर्णपणे राजकीय होती.

मार्च २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने सेनेच्या हवाई संरक्षणासाठी ‘आकाशतीर’ या नियंत्रण यंत्रणेचा १,९८२ कोटी रुपयांचा करार भारत इलेक्ट्रॉनिक्स या सार्वजनिक उद्योगाशी केला. परदेशी मक्तेदारांच्या दारी न जाता हे काम सार्वजनिक क्षेत्राकडे आले, याचे स्वागतच केले पाहिजे. तथापि खर्चाचा आकडा जाहीर होतो, त्याच तत्परतेने चुकीचा अहवालही जाहीर झाला पाहिजे. स्वपक्षाच्या माऱ्यात झालेल्या प्रत्येक मृत्यूची चौकशी ठरावीक मुदतीत संपावी, गोपनीय तांत्रिक भाग वगळून तिचे निष्कर्ष संसदेपुढे यावेत आणि दोष खालच्या अधिकाऱ्यापाशी थांबवला जाऊ नये, ही मागणी सैन्यविरोधी नाही. शेतकऱ्या-कामकऱ्यांची जी मुले सैन्यात जातात, त्यांच्या बाजूची ती मागणी आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ज्याच्याजवळ उपकरण आहे, त्याचाच ठिपका नकाशावर उमटतो. बडगामच्या त्या नागरिकाजवळ उपकरण नव्हते. इराकमधील व अफगाणिस्तानातील हजारो निरपराधांजवळही नव्हते. पडद्याचा जो भाग रिकामा दिसतो, तेथे घरे असतात, शेते असतात, माणसे असतात. त्यांना ‘आपले’ मानायचे की नाही, हे कोणतेही यंत्र ठरवू शकत नाही. तो निर्णय राज्यकर्त्यांचा आहे आणि त्याचा जाब त्यांना विचारण्याचे काम जागृत लोकमताचे आहे.