४७ पौंड

एका शिकल्या-सवरल्या गृहस्थानं माझ्या तोंडावर एक गोष्ट फेकली. कर्ट व्हॉनेगट या अमेरिकन लेखकाची, ‘हॅरिसन बर्जरॉन’. १९६१ साली छापलेली. गोष्टीतलं साल २०८१. कायद्यानं सगळी माणसं सारखी केलेली. हुशार बापाच्या गळ्यात छऱ्यांची ४७ पौंडांची पिशवी, कानात सरकारी रेडिओ. दर वीस सेकंदाला कर्कश आवाज, म्हंजे डोक्यात विचार टिकायला नको. देखण्या नाचणारणीच्या तोंडावर मुखवटा. ‘बघ,’ गृहस्थ म्हणाले, ‘तुमची समता शेवटी इथं जाते.’

गोष्ट मी दोनदा वाचली. लेखकाशी भांडण न्हाई. भांडण ती खिशात घेऊन फिरणाऱ्यांशी आहे.

तिकडं अमेरिकेतही फिरवतात. २००१ साली तिथल्या सुप्रीम कोर्टात केसी मार्टिन या गोल्फ खेळाडूचा खटला होता. पाय अधू, चालवत न्हाई, स्पर्धेत गाडी वापरू द्या एवढंच मागणं. कोर्टानं दिली. विरोधात निकाल लिहिताना न्यायमूर्ती स्कालियांनी हीच गोष्ट काढली. लंगड्याला गाडी मिळाली की यांना २०८१ दिसायला लागतं.

आणि गळ्यातल्या वजनाचं भय आम्हाला घालता? बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये लिहून ठेवलंय. पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याच्या कमरेला झाडू, गळ्यात मडकं. थुंकी रस्त्यावर पडायला नको. कानाचं म्हणाल तर गौतम धर्मसूत्र उघडा. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात कथील आणि लाख ओतायची सोय आहे. रेडिओ परवडला, साला! मुखवटा तर मनूनं थेट नावालाच चढवला. शूद्राचं नाव किळसवाणं ठेवा म्हणाला. धोंड्या, कचऱ्या हे आमचे आजे-पणजे उगीच झाले न्हाईत.

मडक्यातली तीच थुंकी पुढं मुंबईच्या गिरणीत आली. साचेखात्यात पगार जास्त, पण तिथं आमच्या माणसाला घेत नसत. धोट्यातून सूत तोंडानं ओढावं लागे, आणि आमची थुंकी लागली की सवर्ण कामगार बाटत होता. लाल झेंडा खांद्यावर, विटाळ तोंडात! १९२८ च्या संपात बाबासाहेबांना हा सवाल मालकाआधी कामगारांपुढंच मांडावा लागला. आज मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आठ तास उभा असतो. कानातला आवाज घरी येतो, तसाच लिहायला बसतो. वीस सेकंदांचं कौतुक मला सांगू नका.

त्या गोष्टीतला चौदा वर्षांचा हॅरिसन बेड्या तोडतो. टाळ्या. पण तोडायच्या आधीच पहिली घोषणा काय करतो? आपण सम्राट, सगळ्यांनी आपलं ऐकायचं. गुणवत्तावाल्यांनो, हे पान तुम्ही गाळून वाचता.

२०१९ साली १०३ वी घटनादुरुस्ती झाली. १० टक्के जागा, त्यात आम्हाला दार बंद. तेव्हा या गृहस्थांना कुणाच्या गळ्यात पिशवी दिसली न्हाई.

बरं, सक्तीची समता असती कशी ते आपुनच लिहू. साल २०८१. २०१३ च्या कायद्यानं बंद केलेल्या आणि तरी माणूस गिळणाऱ्या गटारात उतरायला आता सगळ्या जातींची पाळी. आडनावं बाराखडीनं. आजारपणाची सवलत न्हाई, बदली माणूस चालणार न्हाई.

बोला गृहस्थ, तुमचं आडनाव कुठल्या अक्षरानं सुरू होतं?