तीन तीळ म्हणजे आत्मा नव्हे!

युकिओ मिशिमा यांच्या ‘सुपीकतेचा सागर’ (१९६५–७०) या चार खंडांच्या कादंबरीकडे बोट दाखवून कोणी म्हणेल, “पाहा, बौद्ध जपानही आत्म्याचा पुनर्जन्म मानतो!” त्यास विचारा, शेवटचे प्रकरण वाचलेस काय?

कायदेपंडित होंडा आपल्या मृत मित्राच्या, कियोआकीच्या, अंगावरील तीन तीळ पाहून त्याचा पुनर्जन्म आधी एका जपानी तरुणात, मग सयामच्या राजकन्येत ओळखतो. वाराणसी आणि आपली अजिंठ्याची लेणीही तो पाहून येतो. परंतु अखेरीस कियोआकीची एके काळची प्रेयसी, आताची मठाधिपती भिक्षुणी, शांतपणे सांगते की असा कोणी मनुष्य आपणांस ठाऊकच नाही. आयुष्यभराचा पुरावा एका क्षणात कोसळतो!

कादंबरीस आधार आहे तो योगाचार पंथाच्या आलयविज्ञानाचा. ते क्षणोक्षणी पालटणारा प्रवाह होय; देह बदलणारा आत्मा नव्हे. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) या ग्रंथात आत्म्याचे संक्रमण नाकारले.

हा केवळ पंडितांचा वाद समजू नका. आत्म्यामागून पूर्वजन्मीचे पाप येते, आणि पापामागून अस्पृश्यता ही तुमचीच करणी ठरते. ते दार पुन्हा उघडू देऊ नका!