आधी भरा, मग मिळेल

८ जुलै २०२४ रोजी राज्य सरकारने एक शासन निर्णय काढला. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी तोवर निम्मी माफ होती, ती पूर्ण माफ झाली. दहिसरमध्ये केतकीपाड्यापासून कांदरपाड्यापर्यंत हा निर्णय पोहोचला तो व्हॉट्सॲपवरून, आणि 'मुलींना शिक्षण फुकट' एवढ्या तीनच शब्दांत. बाकीचे शब्द प्रवेशाच्या खिडकीशी गेल्यावर कळले.

ते असे. प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्यातला चालत नाही. खासगी विद्यापीठ किंवा अभिमत विद्यापीठ असेल तर सवलत लागू नाही. डेव्हलपमेंट फी, डिपॉझिट, जिमखाना, आयकार्ड हे सगळं वेगळं. आणि एक वाक्य असं, की जे कुठल्याही शासन निर्णयात नाही, पण अनेक खिडक्यांवर ऐकू येतं: आधी भरा, मग मिळेल.

दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर फीचा विषय कशाला, असं काही वाचकांना वाटेल. पण गेल्या वर्षभरात अंकाच्या कामासाठी ज्या ज्या घरी जाणं झालं, तिथे साहित्याआधी दाखल्यांचीच चौकशी झाली. 'तुमची तहसीलला कुणाशी ओळख आहे का हो?' हा प्रश्न संपादकाला विचारला जातो, यावरून काय ते ओळखावं.

दहिसर हे मुंबईचं शेवटचं स्टेशन. चेकनाक्याच्या अलीकडे बोरिवली तालुका, पलीकडे ठाणे जिल्हा. इथली मुलं बारावीनंतर बोरिवलीला गोखले किंवा सेंट फ्रान्सिस, कांदिवलीला ठाकूर, नाहीतर नाका ओलांडून मीरा रोडला तिवारी कॉलेज अशी पांगतात. २०२२ च्या गुढीपाडव्याला मेट्रो सुरू झाली, २०२३ च्या जानेवारीत ती थेट अंधेरीपर्यंत गेली, आणि लोकलच्या दारात लटकायला नको म्हणून ज्या आया मुलींना बोरिवलीपुढे पाठवत नव्हत्या त्या आता अंधेरीचाही विचार करतात. महाविद्यालयांच्याही ते लक्षात आलं आहे. विनाअनुदानित महाविद्यालयांत जागा भरणं हे आता वर्षभराचं काम झालं आहे. बारावीच्या वर्गांत मार्गदर्शनाच्या नावाखाली येणारी माणसं, मेट्रोच्या खांबांवरचे फलक, क्लासवाल्यांशी संधान. दिवाळी अंक जाहिरातींवर निघतो हे काही गुपित नाही, त्यामुळे हा बदल आम्हाला जवळून दिसतो. पूर्वीच्या जाहिरातीत इमारतीचा फोटो आणि 'शंभर टक्के प्लेसमेंट' असे. आता खाली एक ओळ वाढली आहे: 'शिष्यवृत्ती मार्गदर्शन उपलब्ध'. मार्गदर्शन म्हणजे नेमकं काय आणि खिशातून किती जाणार, हे मात्र कुठल्याच जाहिरातीत नसतं.

खिडकीशी काय घडतं ते पाहू. आई आणि मुलगी, हातात प्लॅस्टिकची बटणाची फाइल. फाइलमध्ये दहावी-बारावीच्या मार्कलिस्ट, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल, रेशनकार्ड, आधार, जातीचा दाखला, त्याची पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स. वडील रिक्षा चालवतात, आई दोन घरी स्वयंपाक करते, तेव्हा फॉर्म सोळा वगैरे काही नाही. अशा घराचं उत्पन्न ठरतं ते तलाठ्याच्या चौकशी अहवालावर. मुंबईत तलाठी असतो हे आपल्यापैकी अनेकांना दाखल्याच्या निमित्तानेच कळतं. उत्पन्नाच्या दाखल्याला सेवा हमी कायद्याप्रमाणे पंधरा दिवसांची मुदत आहे. कॅप राउंडमध्ये मिळालेली जागा पक्की करायला मिळतात तीन-चार दिवस. हे गणित ज्याने कुणी जुळवलं, त्याच्या घरात सगळे दाखले आधीपासून लॅमिनेट करून ठेवलेले असणार.

जातीच्या दाखल्याची कथा आणखी लांब. अनुसूचित जातींसाठी १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी १९६१ आणि इतर मागासांसाठी १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. दहिसरमधली बहुतेक घरं त्या वेळी दहिसरमध्ये नव्हतीच. ती गुहागरला होती, पाटणला होती, खेड-चिपळूणला होती. म्हणून आजोबांच्या मराठी शाळेच्या रजिस्टरातली नोंद शोधायला गणपतीला गावी जायचं, तर तेव्हा शाळेला सुट्टी. शिमग्याला जायचं, तर मुलीची परीक्षा. चुलत्याकडे पडताळणीचं प्रमाणपत्र असेल तर काम सोपं, पण चुलत्याशी जमिनीवरून बोलणं बंद. शासन निर्णयाला घरातली भांडणं ठाऊक नसतात.

केतकीपाड्यातल्या एका मुलीला गेल्या वर्षी कॅपमधून इंजिनीअरिंगला जागा लागली. कॉलेजचं नाव इथे देत नाही. कागद सगळे पूर्ण होते. खिडकीवरच्या माणसाने फाइल चाळली, मान डोलावली आणि सांगितलं, सध्या पूर्ण भरा, सरकारकडून आले की परत करू. रक्कम लाखाच्या वर. आईने बचत गटातून काही उचलले, काही मालकिणीकडून घेतले. मुलगी आज शिकते आहे, ही आनंदाची गोष्ट. पण फुकट शिक्षणासाठी त्या घराने दोन टक्के महिना व्याज भरलं, हेही तितकंच खरं. आणि त्याच गल्लीतल्या दुसऱ्या मुलीच्या घरी उचल द्यायला कुणी नव्हतं, तिने साधं बी.कॉम. घेतलं. तिची नोंद कुठल्याच अहवालात होणार नाही, कारण तिने अर्जच केला नाही.

फीसवलत महाराष्ट्राला नवी नाही. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री आणि बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असतानाची वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असणाऱ्यांसाठीची ई.बी.सी. सवलत आपल्या आधीच्या पिढीला तोंडपाठ आहे. त्या सवलतीने खेड्यापाड्यातली किती घरं पदवीपर्यंत पोहोचली. आज तिचाच वारसा राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेत चालतो. मात्र तेव्हाची फी आणि आताची फी यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि तेव्हा मधे पोर्टल नव्हतं. २०१७ साली शिष्यवृत्त्यांचं महाडीबीटी पोर्टल आलं, पहिल्याच वर्षी त्याने मान टाकली आणि अर्ज पुन्हा कागदावर घ्यावे लागले. २०२५ साली अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया मुंबई-पुण्यासारख्या शहरांतून उचलून सगळ्या राज्यात नेली, तर २१ मेला पहिल्याच दिवशी संकेतस्थळ बसलं. आता ते सुरळीत झालं, हे मान्य. पण पोर्टल बंद पडतं तेव्हा मुदत वाढते आणि घरची उसनवारीही वाढते.

मोठा बदल आणखी एका बाजूने आला. अनुसूचित जातींची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असतानाची. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने तिची रचना बदलली. खर्चाचा साठ टक्के वाटा केंद्राचा, चाळीस टक्के राज्याचा, आणि केंद्राचे पैसे संस्थेला न देता थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात. हेतू चांगला होता. बोगस विद्यार्थी दाखवून शिष्यवृत्ती लाटणाऱ्या संस्था महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. पण पूर्वी ज्या मुलाकडून कॉलेज काही मागत नसे, त्याच्याकडे आता ते संशयाने पाहू लागलं. पैसे याच्या खात्यात येणार, हा आम्हाला देईल कशावरून? मग आधी भरा, किंवा चेक ठेवा, किंवा निकाल अडकला. चोर पकडायला लावलेली जाळी, तीत पोरं अडकली.

बाबासाहेबांचंच उदाहरण घेऊ. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठासाठी शिष्यवृत्ती दिली, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. त्यालाही अटी होत्या. परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची, असा करार ४ जून १९१३ रोजी झाला. म्हणजे मदत आणि अटी यांची सोबत जुनीच, अटींबद्दल कुणाची तक्रार नाही. पण ते पौंड आधी हातात पडत होते. बोटीचं भाडं आणि विद्यापीठाची फी स्वतः भरा, पावत्या जोडा, वर्षाअखेरीस बघू, असं बडोद्याने कळवलं असतं तर सुभेदार रामजींचा मुलगा मुंबईच्या धक्क्यावरच राहिला असता. आज आपण ज्याला शिष्यवृत्ती म्हणतो ती बहुतेक वेळा परतफेड असते, आणि परतफेडीचा उपयोग ज्याच्याकडे मुळात पैसे आहेत त्यालाच.

महाविद्यालयांची बाजूही ऐकून घ्यायला हवी. छोट्या विनाअनुदानित कॉलेजात निम्म्याहून अधिक मुलं सवलतीची असतील, तर कॉलेजचं निम्मं उत्पन्न मंत्रालयाच्या फाइलीत असतं. ते दीड वर्षाने आलं तर प्राध्यापकांचे पगार थकतात. ज्या प्राध्यापकाचा पगार थकला आहे, तोच बारावीच्या वर्गात जाऊन 'आमच्याकडे या' म्हणतो. सरकारने सवलत जाहीर करायची, टाळ्या घ्यायच्या आणि उधारी कॉलेजच्या नावावर मांडायची, याला धोरण म्हणायला जीभ वळत नाही. कॉलेजांचा दोष इतकाच, की ही उधारी ती सर्वांत कमकुवत ग्राहकाच्या गळ्यात घालतात.

नियम चुकवण्याच्या बाबतीत मात्र कॉलेजांची कीव येत नाही. २०२४ मध्ये एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेने बी.बी.ए., बी.सी.ए., बी.एम.एस. हे अभ्यासक्रम आपल्या कक्षेत घेतले. सीईटी आली, कॅप आली. राज्यभर लाखाच्या वर जागा, आणि पहिली परीक्षा दिलेले विद्यार्थी पन्नास हजारांच्या आत. पुन्हा सीईटी घ्यावी लागली, तरी जागा ओस. मग मुंबईतल्या अनेक महाविद्यालयांनी काय केलं? बी.एम.एस.ची पाटी उतरवून 'बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज'ची चढवली. तोच वर्ग, तेच सर, त्याच नोट्स. परीक्षा टळली, जागा भरल्या. यात हुशारी आहे, नाही असं नाही. पण पाटी बदलली की अभ्यासक्रम व्यावसायिक गणला जातो की नाही हे बदलतं, आणि त्याबरोबर कोणती सवलत लागू याचं उत्तरही. फॉर्म भरणाऱ्या किती मुलांना ते आधी सांगितलं गेलं? अभ्यासक्रम मुलांच्या सोयीसाठी की जागा भरण्याच्या, हे एवढ्या उघडपणे फार क्वचित दिसतं.

असा गोंधळ फक्त आपल्याकडेच होतो असंही नाही. अमेरिकेत मदतीचा सरकारी फॉर्म सोपा करायला निघाले, तर दर ऑक्टोबरात येणारा फॉर्म २०२३ मध्ये डिसेंबर संपताना आला, विद्यार्थ्यांची माहिती कॉलेजांच्या हाती पडायला मार्च उजाडला, आणि किती मदत मिळणार हे न कळल्याने मुलं खोळंबली. तिथल्या अनेक कॉलेजांनी एक गोष्ट केली: प्रवेश पक्का करण्याची १ मेची तारीख पुढे ढकलली. मदतीचा आकडा हाती नसताना निर्णय मागायचा नाही, एवढं साधं सौजन्य त्यांना सुचलं. न्यू जर्सीतले आपले नातेवाईक इतर गोष्टींचं कौतुक सांगतात, त्यात हे कधी ऐकलं नव्हतं.

आपल्या भागातल्या महाविद्यालयांनी प्रवेशाची मोहीम 'मदतीचा आकडा आधी' याच एका गोष्टीभोवती बांधावी, असं आम्हाला वाटतं. प्रत्येक कॉलेजात शिष्यवृत्तीचं काम पाहणारा एक क्लार्क असतो. कुणाचा अर्ज कुठे अडकला, कुठली स्वयंघोषणा लागते, पोर्टलवर कुठला रकाना रिकामा सोडायचा, हे त्याला झोपेतही सांगता येतं. सध्या तो जिन्याखालच्या खोलीत बसतो आणि प्रवेश झाल्यावरच मुलांना भेटतो. त्याला जानेवारीत बाहेर काढा. रावळपाड्यात, गणपत पाटील नगरात, समाजमंदिरात टेबल मांडू द्या. प्लेसमेंटच्या चित्रफितीपेक्षा तो जास्त मुलं आणील. प्रवेशाआधी प्रत्येक घराच्या हातात एक चिठ्ठी द्या: एकूण फी इतकी, माफ इतकी, तुमच्या खिशातून आज इतकी, डिसेंबरात इतकी. मराठीत, सहीशिक्क्यासह. अशी चिठ्ठी देणाऱ्या कॉलेजची जाहिरात या अंकात सवलतीच्या दरात छापू. आमची सवलत आगाऊ आहे, परतफेडीची नाही.

बारावीच्या घरांसाठी थोडं कामाचं. उत्पन्नाचा दाखला आत्ता काढून उपयोग नाही, तो आर्थिक वर्षाशी बांधलेला असतो, एप्रिल उजाडू द्या. पण डोमिसाइल, जातीचा दाखला आणि पडताळणीचा अर्ज यांना दिवाळीची सुट्टीच बरी. सायन्सची मुलं पडताळणीचा अर्ज आपल्या ज्युनिअर कॉलेजमार्फत करू शकतात, सुट्टी संपली की ऑफिसात विचारा. आणि आधार कुठल्या बँक खात्याशी जोडलेलं आहे ते आधारच्या संकेतस्थळावर आजच बघा. एका वेळी एकाच खात्यात सरकारी पैसे येतात, आणि ते खातं कधीकाळी सिमकार्ड घेताना उघडलेलं, विसरलेलं असू शकतं. पैसे तिथे जाऊन पडलेली मुलं आम्हाला भेटली आहेत.

हे एवढं झालं की अंक उघडा. कथा यंदा दमदार आहेत, कवितांवर मतभेद होतील, शब्दकोडं अवघड आहे. वाचकांना, लेखकांना, जाहिरातदारांना आणि जिन्याखालच्या खोलीतल्या त्या क्लार्कला दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा.