दंत्य वर्ण

त, थ, द, ध, न हे आपल्या मराठीतले दंत्य वर्ण. जिभेचे टोक वरच्या दातांना मागून टेकल्याशिवाय ते उमटत नाहीत, हे मी गेली वीस वर्षे वर्गात सांगत आलो आहे. नुसते सांगत नाही, म्हणूनही दाखवतो. गेल्या आषाढात मात्र त्यांच्यामागून ‘स’ म्हणून दाखवायला गेलो, आणि त्या ‘स’बरोबर एक बारीकशी शीळ वाजली. पहिल्या बाकावरच्या मुलींनी वह्यांत तोंडे लपवली. मागच्या बाकांनी तेवढाही संकोच केला नाही. घरी येऊन आरशात पाहिले, तो वरच्या पुढच्या दोन दातांच्या मधोमध काळसर खिंड पडलेली आणि एकाचा कोपराच उडालेला!

गुन्हेगार शोधायला लांब जावे लागले नाही. तो माझ्या खिशातल्या डबीत होता. खडीसाखर! सलग तास घेऊन घसा बसतो, म्हणून ही डबी मी बाळगतो. राहायला कर्जतला, नोकरी खोपोलीला. मधला लोहमार्ग अवघा पंधरा किलोमीटरांचा. पळसदरीला एक खडा तोंडात टाकायचा, केळवली मागे पडली की दुसरा, लौजीला तिसरा. परतताना तोच क्रम उलटा. खडा वरच्या ओठाआड, अगदी त्या दोन दातांपाशी ठेवायचा, म्हणजे बोलताना अडचण होत नाही. आणि एवढे करून चहा मात्र मी बिनसाखरेचा घेतो, याचा मला केवढा अभिमान!

कर्जतच्या बाजारात माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीने दातांचा दवाखाना थाटला आहे. ती बारावीला असताना मी तिच्या वर्गावर मराठीचे तास घेत असे. आता तिने मला खुर्चीत निजवले आणि म्हणाली, “सर, आ करा.” वर्णमालेतले दुसरेच अक्षर, पण इतक्या केविलवाणेपणाने मी ते आयुष्यात कधी उच्चारले नव्हते.

“खडीसाखर किती खाता, सर?”

“अगं, दिवसाकाठी सगळी मिळून सुपारीएवढी.”

“किती ते नको. किती वेळा, ते सांगा.”

मी बोटे मोडून मोजू लागलो. अठरापर्यंत आलो आणि थांबलो.

मग गुरुजींचा तास शिष्येने घेतला. दातांवर एक चिकट थर सारखा साचत असतो. डॉक्टर मंडळी त्याला प्लाक म्हणतात; लाळेतल्या क्षारांनी तोच दगडासारखा घट्ट झाला की आपण त्याला किटण म्हणतो. या थरात जंतूंची वस्ती असते. त्यांतल्या एका पुढाऱ्याला, स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्सला, १९२४ साली लंडनच्या क्लार्क नावाच्या शास्त्रज्ञाने किडलेल्या दातातून हुडकून काढले. (आपल्याकडे दातात ‘किडा’ असतो असे म्हणत. अगदीच खोटे नव्हते म्हणायचे.) हा जंतू साखर खातो आणि आम्ल सोडतो, शिवाय त्याच साखरेपासून गोंद तयार करून दाताला आणखी घट्ट चिकटून बसतो. आम्लता मोजण्याच्या पट्टीवर शुद्ध पाणी सातावर असते. थरातला आकडा साधारण साडेपाचाच्या खाली उतरला, की दाताचे कवच विरघळू लागते. साखर तोंडात गेली की पाच-दहा मिनिटांतच तो उतरतो. पुन्हा वर यायला मात्र अर्धा-पाऊण तास लागतो.

कर्जतकराला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. आमचा जन्म बोरघाटाच्या पायथ्याशी गेला. १८६३ साली हा रेल्वेघाट सुरू झाला, आणि आजही पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना घाट चढण्यासाठी कर्जतला मागून इंजिने जोडतात. तेवढ्या थांब्यात प्रवासी वडा खाऊन घेतात. आपल्या तोंडात ही मागची इंजिने म्हणजे लाळ. ती आम्ल धुऊन काढते, त्याचा जोर मोडते आणि दाताचे गेलेले क्षार थोडेफार परत आणून देते. पण केळवलीला दुसरा खडा आणि लौजीला तिसरा! म्हणजे गाडी जरा चढू लागली, की मी तिला पुन्हा पायथ्याशी ढकलून देत होतो.

“मग साखर नको, पण गोड हवे, असे काही नाही का?” मी विचारले.

“आहे की. रोज सकाळी तुम्ही ते तोंडात घालता,” असे म्हणून तिने टूथपेस्टची नळी माझ्यापुढे धरली. वाचतो तो काय, त्यात सॉर्बिटॉल आणि सॅकरिन! सॅकरिनची हकिकत तर गमतीची आहे. १८७९ साली अमेरिकेत बाल्टिमोरला फालबर्ग नावाचा रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेतून घरी आला आणि जेवायला बसला, तर पाव विलक्षण गोड लागला. ती गोडी हाताला लागलेल्या रसायनाची होती. हात न धुता जेवणाऱ्या माणसाने लावलेला शोध दात स्वच्छ करणाऱ्या नळीत जाऊन बसावा, याला काय म्हणावे!

सॅकरिन, अस्पार्टेम, सुक्रालोज यांपासून या जंतूंना आम्ल करता येत नाही. सॉर्बिटॉलपासून येते, पण सावकाश आणि थोडे. खरा इरसाल तो झायलिटॉल. जंतू तो साखर समजून आत घेतो, पचवता येत नाही म्हणून बाहेर टाकतो आणि या आतबाहेरीत स्वतःचीच शक्ती खर्चून बसतो. हा पदार्थ मक्याच्या कणसांपासूनही काढतात, पण त्याचे माहेर फिनलंडमधले भूर्जाचे लाकूड. ज्या भूर्जाच्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहिल्या गेल्या, त्याचाच हा उत्तरेकडचा भाऊबंद. त्याच देशात तुर्कू शहरी १९७२ ते १९७४ अशी दोन वर्षे सव्वाशे माणसांनी प्रयोगासाठी एकेकच गोडी वापरली. काहींनी साखर, काहींनी फळसाखर, काहींनी झायलिटॉल. साखरवाल्यांचे दात किडत गेले. झायलिटॉलवाल्यांत नवी कीड जवळजवळ दिसली नाही. पुढच्या शास्त्रज्ञांनी मात्र हात जरा आखडता घेतला आहे. २०१५ साली कॉक्रेन या संस्थेने सगळे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा झायलिटॉलच्या गोळ्या आणि च्युइंगगम यांच्याबद्दल खात्रीने बोलण्याइतका पुरावा तिला आढळला नाही. त्यांचा थोडा गुण साखर टळण्याचा आणि थोडा चघळल्याने लाळ सुटण्याचा असतो. दात घासण्याचे काम यांतली एकही गोडी करीत नाही.

हे ऐकून मी खुशीत म्हणालो, “म्हणजे आईला मी बिनसाखरेच्या लिंबाच्या गोळ्या नेऊन देतो, ते उत्तमच!”

डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला. “आजींना एकदा घेऊन या,” एवढेच ती म्हणाली.

माझी आई धाकट्या भावाकडे महडला असते, वरदविनायकाच्या देवळाजवळ. तिला मधुमेह आहे. रक्तदाबाच्या औषधांनी तोंड सारखे कोरडे पडते. खालचे सहा दात उरलेत आणि त्यांच्याच आधाराने कवळी अडकते. ते गेले तर भाकरीही गेली. दोन वर्षे मी मोठ्या मायेने तिला त्या गोळ्या पुरवत होतो आणि ती दिवसभर चघळत होती. तपासल्यावर कळले, की त्या दातांच्या कडा काचेसारख्या पातळ झाल्या आहेत. गोळीत साखर नव्हती, पण लिंबाच्या चवीसाठी सायट्रिक आम्ल होते. इतरांच्या तोंडात जंतू आम्ल करतात. माझ्या आईच्या तोंडात ते मी पुड्या भरभरून नेऊन घातले. आणि धुऊन काढायला पुरेशी लाळही नव्हती. पाकिटावरचे ‘बिनसाखरेचे’ हे शब्द मी वाचले. खालची बारीक अक्षरे वाचली नाहीत. माझ्या पेशाच्या माणसाने ती वाचायला नकोत का? पण माथेरानहून ‘साखरविरहित’ म्हणून आणलेली चिक्कीही गुळाचीच निघाली होती, आणि गुळात बहुतांशी तीच साखर असते, हेही मला तेव्हा सुचले नव्हते.

आता दिवाळी आली. स्वीडनमधल्या विपेहोल्मच्या इस्पितळात १९४५पासून काही वर्षे मतिमंद रुग्णांना मुद्दाम गोड खाऊ घालून दात कसे किडतात ते पाहिले गेले. त्यांची संमती कोणी घेतली नव्हती. ती गोष्ट आजही वाचवत नाही. पण जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेपेक्षा मधल्या वेळी चघळलेली चिकट टॉफी दातांना कितीतरी अधिक घातक, हे जगाला तिथूनच कळले. म्हणून मी घरात ठराव मांडला, की लाडू, करंज्या, शंकरपाळे जेवणाच्या पानातच वाढावेत. येताजाता डबे उघडू नयेत.

“अहो, मग फराळाला येणाऱ्यांना काय जेवणाच्या वेळी या म्हणून सांगू?” सौभाग्यवतींनी विचारले. ठराव अद्याप चर्चेत आहे.

आईच्या लिंबाच्या गोळ्या बंद झाल्या. आता ती वरचेवर पाण्याचे घोट घेते आणि दिवसातून चार वेळा बिनआंबट झायलिटॉलची गोळी. तो डबा फडताळात सगळ्यांत वर असतो, कारण हाच पदार्थ कुत्र्याच्या पोटात गेला तर त्याच्या जिवावर बेततो, आणि भावाच्या मोत्याला कशाचेच वावडे नाही. “अरे, या तुझ्या गोळ्यांना चव म्हणून नाही,” ती परवा म्हणाली. देवळातला खडीसाखरेचा प्रसाद तिने एकदाच जिभेवर ठेवला, तांब्यातल्या पाण्याने खळखळून चूळ भरली आणि माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही.

माझ्या दाताचा उडालेला कोपरा भरून झाला आहे. तासाला उभा राहण्यापूर्वी मी एकदा हळूच ‘स’ म्हणून पाहतो. पहिल्या बाकावरच्या मुली अजून कान टवकारून बसलेल्या असतात.